खराट्याच्या दांड्याएवढा पटर: आठ महिने वापरून लिहितोय

आधीच सांगून ठेवतो, हा रिव्ह्यू गोल्फच्या पटरचा आहे अन् लिहिणारा वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातला कपाशी-तूरवाला आहे, तर ज्याला हसायचं त्यानं इथंच हसून घ्यावं. आमच्या गावात अजून लोक विचारतात, "काहो हवालदार, ते हॉकी खेळायले कुठंसा जाता तुम्ही?" समजावून समजावून थकलो, आता नुसतं "छावणीत" म्हणतो अन् गाडीला किक मारतो.

पटर म्हणजे ज्यानं चेंडू शेवटी हळूच ढकलून भोकात घालायचा ती काठी, अन् तो फटका म्हणजे पट. नेहमीचा पटर ३३ ते ३५ इंचाचा, वाकून खेळायचा. मी घेतला तो ४८ इंची, उभा केला की थेट छातीला लागतो. इंग्रजीत याला ब्रूमस्टिकच म्हणतात, म्हणजे झाडूचा दांडा. घरी आणला तेव्हा आमच्या सौ.नं हे नाव ऐकायच्या आधीच सांगून टाकलं, "खराट्याले दांडा आणला काय? बरं झालं, जुना मोडलाच होता."

आता मी अन् गोल्फ हे कसं जुळलं ते थोडक्यात. २४ वर्षं फौजेत काढली. सुरुवातीच्या एका स्टेशनला आमची फटीग लागायची गोल्फच्या मैदानावर, गवत काप, दगड वेच, साहेब लोकांच्या बॅगा उचल. एका मेजर साहेबांनी आपली जुनी सात नंबरची आयर्न ही काठी देऊन टाकली, तेव्हापासून जो किडा लागला तो लागला. त्या मैदानाला गवताचे ग्रीन (भोकाभोवतीची सपाट जागा) नव्हतेच, ब्राऊन होते. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी, ब्राऊन म्हणजे बारीक वाळूत जळकं इंजिन ऑइल कालवून केलेलं गोल खळं, पाणी लागत नाही, उन्हानं जळत नाही. तुमचा चेंडू वर आला की फळीनं तेवढी वाट सपाट करायची अन् मग पट मारायचा. वाळूवर चेंडू सावकाश पण सरळ जातो, चढ-उताराची भानगड कमी. मी पट मारायला ब्राऊनवरच शिकलो, अन् खोटं कायले बोलू, चांगला मारत होतो. एकेकाळी हँडिकॅप ११ होता (हा आकडा कमी तेवढा खेळाडू चांगला). ड्रायवर, म्हणजे लांब मारायची काठी, माझा कधीच लांब गेला नाही, पाच फूट चार इंचाचा माणूस किती लांब मारणार, पण भोकाजवळ आलो की समोरचा साहेब म्हणायचा, चलो, इसका तो गया अंदर.

रिटायर झाल्यावर गावी आलो, पाच एकर वावर, अन् महिन्यातून दोनदा छावणीतल्या नऊ होलच्या, म्हणजे नऊ भोकांच्या, मैदानावर. सगळं ठीक चाललं होतं पन्नाशीपर्यंत. मग हात बिघडला.

बिघडला म्हणजे काय ते ज्याला झालं त्यालाच समजते. दोन फुटांचा पट. दोन फूट म्हणजे किती, आपल्या दारातला उंबरठा. काठी मागं गेली व्यवस्थित, पुढं येताना उजवं मनगट आपोआपच झटकलं, करंट लागल्यावानी. चेंडू भोकाच्या पलीकडं तीन फूट. परत मारला, परत तेच, आता इकडं चार फूट. त्या दिवशी दोन फुटांवरून मी चार फटके घेतले अन् सोबतचे तिघं जण आभाळाकडं पाहून राहिले होते, कोणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं. याला यिप्स म्हणतात. हे नाव टॉमी आर्मर नावाच्या जुन्या खेळाडूनं दिलेलं आहे. डॉक्टरला दाखवलं, रक्त-लघवी सगळं तपासलं, काही नाही. चहाचा कप धरला तर हात हलत नाही, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन नोझल धरलं तरी हलत नाही, सुईत दोरा मी ओवून देतो सौ.ला. फक्त पटर हातात आला अन् भोक जवळ दिसलं की झटका.

उपाय सगळे करून पाहिले. आधी जाड ग्रिप घेतली, १४०० रुपये, मूठ मोठी असली की मनगट कमी हलते म्हणे. माझं तेवढंच हललं. मग डावा हात खाली घेऊन पाहिला. मग पंज्यात पेन धरतात तसा उजव्या हातानं धरून पाहिला, त्याला क्लॉ म्हणतात, दोन आठवडे चाललं अन् मग मनगटाला त्याचाही पत्ता लागला. जर्मनीच्या बर्नहार्ड लँगरनं १९९३ ची मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली तेव्हा तो डाव्या हाताच्या मनगटाच्या वर शाफ्ट (काठीचा दांडा) उजव्या पंज्यानं दाबून धरायचा, हातालाच पट्टी बांधल्यासारखं. तेही केलं. पुतण्यानं फोटो काढला, मी हात मोडलेल्या माणसासारखा दिसत होतो. शेवटी तीन वर्षं खेळणंच सोडलं. बॅग माळ्यावर, तिच्यात उंदरानं बाळंतपण केलं.

या पुतण्यामुळेच हा पटर आला. मागच्या वर्षी पोळ्याला तो पुण्याहून घरी आला होता, मोबाईलवर काहीतरी पाहून म्हणे, "मोठेबाबा, हे पाहा न, हा बी तुमच्यासारखा फौजीच हाय." ऑरव्हिल मूडी. मी नाव ऐकलं होतं, किस्सा माहीत नव्हता. हा माणूस १४ वर्षं अमेरिकन फौजेत होता, सार्जंट, सगळे त्याला 'सार्ज' म्हणायचे. सार्जंट म्हणजे आपला हवालदारच की! फौज सोडून आला अन् १९६९ मध्ये थेट यूएस ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा जिंकला. अन् त्यानंतर? काहीच नाही. पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळाडूंच्या स्पर्धांत, ती एकच, पहिली अन् शेवटची. लांबून मारण्यात तो कोणालाच ऐकत नव्हता, पण जवळचे पट जात नव्हते. मग पन्नाशीनंतर सिनियर लोकांच्या टूरवर आला, हातात हा खराट्याचा दांडा धरला, अन् १९८९ मध्ये, वय ५५, यूएस सिनियर ओपन जिंकली. वीस वर्षांनी. मध्ये फक्त एक काठी बदलली असं म्हणणार नाही, पण काठी बदलली हे खरं.

त्याच्याही आधी चार्ली ओवेन्स नावाचा होता, तोही फौजी, पॅराट्रूपर, उडी मारताना पाय कायमचा जायबंदी झाला, लंगडतच खेळायचा, अन् त्यालाही यिप्स. त्यानं असाच लांबलचक पटर घेऊन १९८६ मध्ये सिनियर टूरच्या दोन स्पर्धा मारल्या. अन् अगदी अलीकडचं म्हणाल तर ल्युकस ग्लोवर, २००९ चा यूएस ओपनवाला, नंतर कितीतरी वर्षं दोन-दोन फुटांचे पट चुकवून राहिला होता, टीव्हीवर पाहवत नसे. २०२३ मध्ये लांब पटर घेतला अन् ऑगस्टमध्ये लागोपाठच्या दोन आठवड्यांत दोन स्पर्धा जिंकला, वय ४३. हे सगळं रात्री ओट्यावर बसून पाहिलं अन् त्या रात्री मला झोप लागली नाही. सौ. म्हणे, "कापसाचे भाव पाहत होते काय?"

घेताना काय झालं ते सांगतो, कारण तुम्हीही असंच फसाल. नवा चांगला ब्रूमस्टिक ३०-४० हजारांच्या खाली दिसेना, तेवढे पैसे असते तर वावराला तारेचं कुंपण केलं असतं, रानडुकरं काय कमी आहेत आमच्याकडं. म्हणून ऑनलाइन जुना घेतला, ९५०० रुपये. विकणाऱ्यानं लिहिलं होतं ४६ इंच, निघाला ४८. याला दोन ग्रिप, एक वर अन् एक खाली. वरची ग्रिप फोटोत कशी मस्त, हातात आली तर भेगाळलेली, टाचेसारखी. फोन केला तर "ऐसाही होता है अंकल" म्हणे, अन् परत घेणार नाही. नाव लिहीत नाही, एक शिकवण म्हणून सांगतो की जुना घ्यायचा तर शाफ्टच्या बाजूला टेप लावून काढलेला फोटो मागा, नुसत्या शब्दावर जाऊ नका. कुरिअरवाला गावात येत नाही, तालुक्याहून जाऊन आणावा लागला, येताना एसटीत तो पाच फुटी पुठ्ठ्याचा डबा कुठंच मावेना, आडवा धरला तर लोकांच्या मानेला लागते, उभा धरला तर टपाला लागते. कंडक्टर म्हणे, "काका, बंदूक तर नाही न?" मी म्हटलं बंदूक सरकारला परत केली बाप्पा, ही काठी आहे. अख्खी बस हसली.

माझ्या उंचीला ४८ इंच म्हणजे वरची मूठ गळ्यापाशी येत होती, दोन इंच कापणं भाग होतं. हे काम करणारं दुकान आपल्याकडं कुठून असणार, म्हणून तालुक्याच्या गावातल्या लेथवाल्याकडं नेला. तो मोटारपंपाचे शाफ्ट टर्न करणारा माणूस, त्यानं पटर हातात घेतला, उलटा केला, डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहिला, अन् पहिला प्रश्न विचारला, "कोणच्या टोकानं कापू?" हा प्रश्न बरोबर आहे. कापायचं ते नेहमी वरून, ग्रिपच्या टोकानं. खालून कापलं तर हेडमध्ये, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या तोंडात, शाफ्ट नीट बसेल याची खात्री नाही. पण वरून कापायचं तर आधी ग्रिप काढावी लागते, अन् फाडली तर ती गेली. खालची ग्रिप चांगली होती, तीही काढून खाली सरकवायची होती, म्हणून बाजूच्या पंक्चरवाल्याकडं गेलो. त्याला समजावलं की ग्रिपच्या तोंडात हवा मार. त्यानं नळी लावली, रबर फुगलं बेडकासारखं, अन् अख्खी ग्रिप सुळकन निघून त्याच्या पोटावर आदळली. तो म्हणे, परत लावा, मले अजून एकदा काढू द्या.

लावायची पद्धत अशी: शाफ्टवर दोन्हीकडून चिकटणारा टेप गुंडाळायचा, ग्रिपमध्ये थोडं पेट्रोल ओतून बोटानं भोक दाबून हलवायचं, तेच पेट्रोल टेपवर शिंपडायचं, अन् एका दमात ग्रिप चढवायची. पेट्रोल आहे तोवर ती साबणासारखी सरकते, उडालं की पक्की. दहा-पंधरा सेकंदांचा खेळ आहे. पहिल्या वेळी खालची ग्रिप माझ्याकडून तिरपी बसली, सपाट बाजू समोर पाहिजे ती डावीकडं गेली, परत हवा, परत टेप. बिडी ओढणाऱ्या माणसाला लांब बसवून हे करायचं. रात्रभर ठेवला, सकाळी पक्का. लेथवाल्यानं ५० रुपये घेतले, पंक्चरवाल्यानं काहीच नाही, त्याला मजाच तेवढी आली होती. वरची नवी ग्रिप ६०० ची.

आता मुख्य गोष्ट, खेळायला कसा आहे.

प्रॅक्टिस घरच्या अंगणात. सौ. आठवड्यातून दोनदा शेणानं सारवते, वाळलं की त्यावर चेंडू अगदी ब्राऊनसारखा जातो, मी म्हणतो अख्ख्या जिल्ह्यात एवढं चांगलं ग्रीन नाही. भोकासाठी स्प्रिंकलरच्या कामातून उरलेला ११० एमएमच्या पीव्हीसी पाइपाचा वीतभर तुकडा जमिनीत गाडला. गोल्फचं भोक १०८ मिलिमीटरचं असते, हा पाइप बाहेरून ११०, म्हणजे आतून १०८ पेक्षा थोडा कमीच. घरी अवघड, मैदानात सोपं, असा हिशोब.

पहिल्या सकाळी तीन फुटांवर चेंडू ठेवला. डावी मूठ छातीसमोर, टोकावर, अंगठा वरून. उजवा हात खाली, नुसता टेकवलेला. झटक्याची वाट पाहत होतो. काठी मागं गेली, पुढं आली, अन् चेंडू पाइपात टक् करून पडला. मला वाटलं योगायोग. दुसरा. टक्. तिसरा. कोंबड्या गोळा झाल्या. मी चाळीस पट मारले असतील, तीन-चार चुकले, ते माझ्या नेमानं चुकले, झटक्यानं नाही. हा फरक फक्त ज्याला यिप्स झाले त्यालाच समजेल. नेम चुकलेला पट चुकला तरी आपला असतो.

हे काहून होते त्याचं मी माझ्यापुरतं उत्तर काढलं आहे. पाळण्याला झोका देतो आपण, तेव्हा वरचा आकडा जागेवर राहते अन् खाली हातानं नुसता धक्का द्यायचा. साध्या पटरमध्ये दोन्ही हात एकाच जागी एकमेकांना लागून असतात, दोन्ही मनगटं कामाला, अन् एकानं दगा दिला की संपलं. लांब पटरमध्ये वरचा हात आकडा, खालचा हात झोका. खालच्या हाताला काम खांद्यातून करावं लागते, मोठ्या स्नायूनं, मनगटाला बोलावणंच नाही. दुसरं म्हणजे वजन. किराणा दुकानाच्या काट्यावर माझा जुना पटर ५२० ग्रॅम भरला, हा ९८०. एवढं जड लोंबकळणारं हेड बारीकसा झटका मनावरच घेत नाही, बैल जसा माशी मनावर घेत नाही. यिप्स गेलेले नाहीत, हे मी स्वतःला फसवत नाही. परवा गंमत म्हणून जुना पटर घेतला अन् दुसऱ्याच पटला झटका. दुखणं तिथंच आहे, फक्त त्याच्याकडून काम काढून घेतलं. अन् जे उरलं होतं, म्हणजे चेंडू कुठून जाईल ती रेघ दिसणं, वाळू ओली आहे का कोरडी आहे ते पायाला समजणं, ते तर तीस वर्षांचं होतंच, ते कुठं गेलं नव्हतं.

एक फायदा मी धरलाच नव्हता, कंबर. सरळ उभं राहून खेळायचं असते. कपाशीच्या वेचणीनंतर साध्या पटरवर दहा मिनिटं वाकलो तर उठवत नव्हतं, यावर तासभर उभा राहतो.

नियमाचं सांगतो, कारण फेब्रुवारीत याच्यावरूनच राडा झाला. माजी सैनिकांची छोटीशी स्पर्धा होती, ५५ वर्षांवरच्यांचा वेगळा गट, मी तीन वर्षांनी उतरलो होतो. पहिल्याच होलवर एक रिटायर्ड कर्नल साहेब म्हणाले, "हवालदार, ये तो बॅन है." पुष्कळ लोकांना असंच वाटते. बॅन पटर नाही, बॅन आहे तो टेकवणं. १ जानेवारी २०१६ पासून पटर किंवा वरचा हात छातीला, पोटाला, हनुवटीला टेकवून त्याचा खुंटा करायचा नाही. मूडीच्या वेळी चालत होतं, २०१३ ला ॲडम स्कॉट मास्टर्स जिंकला तेव्हाही चालत होतं, आता नाही. हात अंगापासून सुटा ठेवा, मग काठी कितीही लांब असू द्या. ड्रायवर वगैरेला ४८ इंचाची हद्द आहे, पटरला वरची हद्दच नाही. फक्त शाफ्ट अगदी खांबासारखा उभा चालत नाही, दहा अंश तरी कलता पाहिजे. मी वरची मूठ छातीपासून चार बोटं लांब ठेवतो अन् शर्ट खोचून जातो, म्हणजे कोणाला शंका नको. लँगरनंही बंदीनंतर हेच केलं, पटर तोच ठेवला, हात सुटा केला, अन् २०२३ मध्ये ६५ व्या वर्षी यूएस सिनियर ओपन जिंकून सिनियर टूरवरचा ४६ वा विजय केला, हेल अर्विनच्या ४५ चा विक्रम मोडला. कर्नल साहेबांना मी हे सांगितलं नाही, मार्शलनं मोबाईलवर नियम दाखवला तेवढा पुरला. (पुतण्याला वाटलं दोन पायांच्या मधून, समोर तोंड करून मारला तर अजून सोपं. सोपंच आहे, सॅम स्नीड तसंच मारायचा, १९६८ मध्ये तेही बंद केलं. जे जे म्हाताऱ्यांना सोपं पडते ते ते बंद करतात असं माझं मत होत चाललं आहे.)

स्पर्धेत काय झालं? आधी सोडलं तेव्हा १८ होलला (नऊचं मैदान दोनदा फिरून) माझे ४१-४२ पट लागायचे, त्या दिवशी ३४. छावणीतलं मैदानही आता ब्राऊनचं राहिलं नाही, गवत लावलं आहे. सोळाव्या होलवर पाच फुटांचा राहिला होता, थोडा उताराचा, अन् तेच कर्नल साहेब समोर हाताची घडी घालून उभे. मला आतून सगळं जुनं आठवलं, आभाळाकडं पाहणारे ते तिघं. उजवा हात मी मुद्दाम दोन बोटांवर आणला, नुसता टेकू. चेंडू डाव्या कडेवर गेला, जरासा थांबला, असं वाटलं की विचार करून राहिला, अन् पडला. साहेब म्हणाले, "कहाँ से लिया ये झाडू?" गटात तिसरा आलो. बक्षीस स्टीलचं कॅसरोल, त्यात आता पोळ्या राहतात अन् पाहुणा आला की सौ. स्वतःच सांगते कुठून आलं ते.

आता तक्रारी, अन् त्या आहेत. पहिली, लांबचे पट. तीस फुटांच्या पलीकडं याचा अंदाज यायला मला दोन महिने लागले अन् अजूनही पक्का नाही. साध्या पटरवर हाताला अंतर आपोआप समजते, इथं तो समज खांद्याला नव्यानं शिकवावा लागते, अन् ५८ व्या वर्षी खांदा विद्यार्थी म्हणून फार मठ्ठ असते. तीन पटचे होल अजून होतातच, फक्त आधी ते दोन फुटांवर व्हायचे, आता चाळीस फुटांवर होतात. दुसरी, वारा. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी जी वावटळ उठते तिच्यात एवढी लांब काठी सुट्या हातानं स्थिर धरणं म्हणजे छत्री धरण्यासारखं आहे. तिसरी, ऊन. मे महिन्यात ४५ च्या वर पारा असताना वरच्या ग्रिपचं रबर नरम पडून हाताला काळं लागते, अंगठा घामानं घसरते. मी रुमाल बांधत नाही, नियमात बसते की नाही त्या भानगडीत कोण पडेल, सकाळी सहाला जातो अन् नऊला परत. चौथी, न्यायची कटकट. बॅगेतून फूटभर वर येतो, मोटरसायकलवर मागं बांधला तर बाभळीच्या फांद्यांत अडकते, एकदा तर बॅगेसकट आडवा झालो. पुढं हेड ठेवून पायाजवळून न्यावा, हे मी पडल्यावर शिकलो.

अन् एक गोष्ट पैशाची. ९५०० काठीचे, ६५० कापणं-ग्रिप, येण्याजाण्याचे धरून सगळे मिळून साडेदहाच्या वर. ज्याचे पट साध्या काठीनं जातात त्यानं याच्या नादी लागू नये, नुसतं टीव्हीवर पाहून घेणारे पोट्टे आमच्या मैदानावर दोघं आहेत, दोघांचाही खेळ बिघडला. तुमचा हात झटकत असेल, किंवा कंबर धरत असेल, तरच. आधी कोणाचा तरी मागून चार दिवस अंगणात मारून पाहा. कोणाचा मिळत नसेल तर माझ्याकडं या, सारवलेल्या दिवशी या, दुसऱ्या दिवशी कोंबड्या उकरतात. पाचपैकी मी चार देतो. एक विकणाऱ्याच्या "ऐसाही होता है" साठी कापला.

सध्या पावसानं प्रॅक्टिस बंद आहे. पाइपात पाणी भरलं अन् त्यात एक बेडूक बसून राहते, सौ. म्हणते त्याला काढायचं नाही.

जुना पटर विकायचा आहे. ३४ इंची, शाफ्ट सरळ, गंज नाही, १४०० ची जाड ग्रिप लावलेली, टेप लावून फोटो पाठवतो. १२०० ला देईन. हात थरथरत नसेल तर लय मस्त चालते.